भिंत चालवायची कशी: पहिला कमांडर डेक देखणाही हवा आणि खेळताही

माझा पहिला कमांडर डेक बघायला टेबलाभोवती चार माणसं जास्तीची उभी राहिली होती. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या इतक्या वर्षांच्या पत्त्यांमधून तट, बुरूज, वेशी, बालेकिल्ले, जे दिसेल ते मी गोळा केलं होतं. दर रविवारी कुठल्या तरी गडावर गुडघे झिजवणाऱ्या माणसाला दुसरा विषय सुचणार तरी कुठला? डाव सुरू झाला. चौथ्या टर्नला माझ्यासमोर तीन लँड (मॅना देणारे पत्ते) होत्या आणि हातात पाच सुंदर चित्रं. त्यातलं एकही खेळण्याइतका मॅना (पत्ता उतरवायला मोजायची शक्ती) नव्हता. सगळ्यात आधी मीच बाद झालो. शेजारच्या मुलाने पत्ते पिसता पिसता विचारलं, "दादा, हा डेक आहे की अल्बम?"

प्रश्न लागला, कारण तो बरोबर होता. मग मी नेटवरची एक जिंकणारी यादी जशीच्या तशी उचलली. हा दुसरा मूर्खपणा. डाव जिंकायला लागलो आणि महिन्याभरात कंटाळलो. दुसऱ्याचा सदरा घालून लग्नात मिरवल्यासारखं वाटायचं. कुणी तारीफ केली तरी ती आपली नव्हेच.

हौस आणि डावपेच यांची सांगड आता मी एका ठरावीक क्रमाने घालतो. तोच क्रम पुढे देतोय. बहुतेक नवखे तो उलटा करतात: आधी चित्रं जमवतात आणि मग त्यातून डाव शोधत बसतात. सगळं नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एकच डेक शेवटपर्यंत उदाहरणाला धरू. तोच जुना तटबंदीचा, पण नव्याने बांधलेला.

नियम, लागतात तेवढेच

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला मॅजिक १९९३ साली बाजारात आला. तो खेळायच्या पद्धती अनेक आहेत. कमांडर ही शक्यतो चौघांनी बसून खेळायची पद्धत. डेक शंभर पत्त्यांचा: एक कमांडर आणि बाकीचे ९९. साध्या लँड सोडल्या तर कुठलाही पत्ता एकदाच घेता येतो. प्रत्येकाचं आयुष्य ४० पासून सुरू होतं. कमांडर हातात येण्याची वाट बघावी लागत नाही. तो बाजूला उघडा असतो आणि मॅना भरला की मैदानात उतरतो. मेला तर परत आणता येतो, पण दर खेपेला दोन मॅना जास्त मोजून. एकाच कमांडरकडून लढाईत २१ मार बसला की तो खेळाडू बाद. आणि कमांडरच्या पत्त्यावर ज्या रंगांची चिन्हं असतील, त्याच रंगांचे पत्ते डेकमध्ये चालतात. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग आहेत.

ही पद्धत अलास्कातल्या खेळाडूंनी काढली. तिचं जुनं नाव 'एल्डर ड्रॅगन हायलँडर', कारण सुरुवातीला १९९४ च्या 'लेजंड्स' संचातले पाच म्हातारे ड्रॅगन सेनापती म्हणून वापरायचे. ते पाचही ७/७ चे: पहिला आकडा ताकद, म्हणजे किती मार देतो, आणि दुसरा चिवटपणा, म्हणजे किती मार सोसतो. सात त्रिक एकवीस, हा आकडा तिथून आला. मॅजिक छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने कमांडरचे तयार डेक विकायला काढले ते २०११ साली.

पहिली पायरी: जिच्या मागे नियम उभा आहे अशी हौस निवडा

तुम्हाला काय आवडतं ते आधी ठरवा, यात लाजण्यासारखं काही नाही. मॅजिकचे मुख्य रचनाकार मार्क रोजवॉटर यांनी २००२ साली खेळाडूंच्या तीन वृत्ती मांडल्या होत्या: टिमीला दणदणीत क्षण हवा असतो, जॉनीला स्वतःची कल्पकता दाखवायची असते, स्पाइकला जिंकायचं असतं. पुढे त्यात व्होर्थोस आला, चित्र आणि कथेसाठी जीव टाकणारा. आपल्यात हे चौघेही थोडेथोडे असतात. माझ्यातला व्होर्थोस जरा जास्तच बोलका आहे, एवढंच.

पण हौस ठरली की लगेच पत्ते जमवायला धावू नका. आधी एक प्रश्न विचारा: माझ्या आवडीची गोष्ट पत्त्याच्या मजकुरात आहे, की फक्त चित्रात? 'मला मांजरी आवडतात' ही चांगली हौस आहे, कारण मांजर हा खेळात अधिकृत जीवप्रकार आहे (जीव म्हणजे मैदानात लढणारा पत्ता) आणि मांजरींना बळ देणारे पत्ते आहेत. 'मला सूर्यास्ताची चित्रं आवडतात' ही हौस वाईट नाही, पण सूर्यास्ताला नियम ओळखत नाही. असा डेक बांधता येतो, पण त्याचा डाव वेगळा शोधावा लागेल. नवख्याने पहिल्याच खेपेला ते अंगावर घेऊ नये.

किल्ल्यांची हौस मला कुठे घेऊन गेली? 'डिफेंडर' या शब्दापाशी. डिफेंडर असलेला जीव अडवू शकतो, हल्ला करू शकत नाही. भिंतच ती, कुठे जाणार? आणि मग २०१८ च्या 'कोअर सेट २०१९' मधला 'आर्केड्स, द स्ट्रॅटेजिस्ट' हा पत्ता सापडला. हिरवा, पांढरा, निळा आणि वर कुठलाही एक, असा चार मॅनाचा ड्रॅगन. ३/५ ताकद, उडतो, हल्ला करूनही टॅप होत नाही (टॅप म्हणजे वापरला गेल्याची खूण म्हणून पत्ता आडवा करणं). तुमच्या बाजूला डिफेंडर असलेला जीव मैदानात आला की एक पत्ता ओढायचा. शिवाय तुमचे डिफेंडर हल्ला करू शकतात आणि मारताना ताकदीऐवजी चिवटपणाचा आकडा लावतात. म्हणजे ०/८ ची भिंत चालत जाऊन आठ मार देते.

चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला आले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ज्या भिंतीवर बसले होते तीच त्यांना सामोरी गेली, ही गोष्ट ऐकतच आपण वाढलो. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. आर्केड्सचा मजकूर वाचला आणि डेकचं नाव जागच्या जागी ठरलं: आळंदी. नियमाला हौसेचा आधार मिळाला आणि हौसेला नियमाचा. अशी जोडी जुळेपर्यंत एकही पत्ता विकत घेऊ नका.

दुधात साखर म्हणजे हा आर्केड्स त्याच पाच म्हाताऱ्या ड्रॅगनपैकी एक. १९९४ च्या पत्त्यावर त्याचं पूर्ण नाव 'आर्केड्स सॅबथ', आणि तेव्हाही तो टॅप न झालेल्या, हल्ल्यावर न गेलेल्या जीवांना +०/+२ चिवटपणा द्यायचा. म्हणजे तटबंदीचा सोस त्याला पहिल्यापासून आहे.

दुसरी पायरी: चित्राला भुलू नका, मजकूर वाचा

इथे नवखा हमखास फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिला सापळा: चित्रात भिंत आहे, पण पत्त्यावर डिफेंडर नाही. 'कासल' हा १९९३ चा जादूचा पत्ता. नाव किल्ला, चित्रही किल्ल्याचं, पण तो जीवच नाही. आर्केड्स त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्या उलटही होतं. 'वॉल ऑफ स्वोर्ड्स'च्या १९९३ च्या छपाईत डिफेंडर हा शब्दच नाही, कारण तेव्हा 'वॉल' या प्रकारातच हल्लाबंदी गृहीत होती. २००४ च्या 'चॅम्पियन्स ऑफ कामिगावा' पासून डिफेंडर हा वेगळा शब्द आला आणि जुन्या भिंतींना तो नियमाने जोडला गेला. म्हणून जुना पत्ता घेताना त्याचा आजचा अधिकृत मजकूर स्क्रायफॉल या पत्ते शोधायच्या संकेतस्थळावर वाचावा. छापलेल्यापेक्षा तो खरा.

दुसरा सापळा रंगाचा. 'डोरान, द सीज टॉवर' बघितला की वाटतं, हा तर आपल्यासाठीच जन्मला: नाव वेढ्याच्या बुरुजाचं, आणि सगळे जीव चिवटपणाने मारतील असा मजकूर. पण डोरानच्या किमतीत काळं चिन्ह आहे आणि आर्केड्समध्ये काळा रंग नाही. संपला विषय. मी तो पत्ता आधी घेतला आणि मग नियम वाचला. आता तो माझ्या फोल्डरच्या पहिल्या पानावर आहे, रोज टोमणा मारायला.

तिसरा सापळा अर्ध्या कामाचा. 'हुआत्ली, द सन्स हार्ट' तुमच्या जीवांना चिवटपणाने मारायला लावते, पण डिफेंडरला हल्ल्याची परवानगी देत नाही. 'रोलिंग स्टोन्स' त्याच्या उलट: भिंतींना चालू देतो, पण मार ताकदीचाच, म्हणजे बऱ्याचदा शून्य. शिवाय तो फक्त 'वॉल' प्रकाराला लागू होतो, सगळ्या डिफेंडरना नाही. हे दोघं एकत्र आले तर काम होतं. 'हाय अलर्ट' मात्र दोन्ही कामं एकटा करतो.

आणि एक गोष्ट तर अनुभवी लोकही विसरतात. खुद्द आर्केड्सला डिफेंडर नाही. त्याचा मार तीनच. चिवटपणा वाढवणारी जादू त्याच्यावर टाकून २१ चा हिशोब मांडू नका.

तिसरी पायरी: आधी रकाने, मग पत्ते

आता कागद घ्या. पत्त्यांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची. ९९ जागा कशा वाटायच्या? माझी वाटणी अशी: लँड ३७, डिफेंडर असलेले जीव २८, आर्केड्स नसताना भिंती चालवणारे ५, मॅना वाढवणारे ७, एकेक शत्रू उडवणारे ७, सगळं मैदान साफ करणारे ३, पत्ते ओढणारे ४, संरक्षण ४. झाले ९५. उरलेल्या चार जागांबद्दल पुढे बोलू.

लँडवर जागा वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण लँड म्हणजे शिधा आणि आपल्याला हवे असतात पराक्रम. गणित करून बघा. चौघांच्या डावात पहिल्या टर्नला सगळेच पत्ता ओढतात, म्हणजे सुरुवातीचे सात धरून चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही ११ पत्ते पाहिलेले असता. ९९ मध्ये ३७ लँड असतील तर त्या अकरांत सरासरी ४.१ लँड येतात. आर्केड्स चार मॅनाचा, तो वेळेवर उतरतो. माझ्या पहिल्या डेकमध्ये ३१ लँड होत्या. सरासरी ३.४. त्या दिवशी समोर तीनच होत्या त्याला मी नशीब म्हणत होतो. नशिबाचा त्यात काही दोष नव्हता.

'भिंती चालवणारे' पाच का? कारण आर्केड्स मरणार. समोरच्या तिघांना पहिल्या दोन भिंतींतच कळतं की याच्या जिवावर सगळं आहे. तो नसताना तुमचा डेक म्हणजे शेतातले दगड. हाय अलर्ट, असॉल्ट फॉर्मेशन, वेकस्टोन गार्गॉइल, आणि रोलिंग स्टोन्स-हुआत्लीची जोडी. असे दोनच पत्ते ठेवलेत तर चौथ्या टर्नपर्यंत त्यातला एखादा दिसायची शक्यता शंभरात सुमारे २१. पाच ठेवलेत तर सुमारे ४५. एकदाच घेता येणाऱ्या पत्त्यांच्या खेळात सातत्य हवं असेल तर एकाच कामाचे चुलतभाऊ गोळा करावे लागतात.

चौथी पायरी: दोन कामं करणारा पत्ता शोधा

हौस आणि डावपेच खरे भेटतात ते इथे. रकाना डावपेचाने ठरवला, आता त्या रकान्यात बसणाऱ्या पत्त्यांपैकी आपल्या विषयाचा कोणता ते बघायचं.

मॅना वाढवायचा आहे? 'कल्टिव्हेट' आणि 'सोल रिंग' घ्याच, पहिला कुठल्याही हिरव्या डेकमध्ये चालतो, दुसरा कुठल्याही डेकमध्ये. पण 'ओव्हरग्रोन बॅटलमेंट' हा वेलींनी वेढलेला तट आहे, डिफेंडर आहे, दोन मॅनात येतो, आणि तुमच्याकडे जितके डिफेंडर तितका हिरवा मॅना देतो. 'ॲक्सबेन गार्डियन' तेच काम हव्या त्या रंगात करतो. 'सिल्व्हन कॅरियाटिड' एकच मॅना देते, पण शत्रूला तिला लक्ष्य करता येत नाही. हे तिघेही भिंतींच्या २८ मध्ये मोजलेत. म्हणून मॅनाचा वेगळा रकाना सातवर भागला.

पत्ते ओढायचे आहेत? 'वॉल ऑफ ओमेन्स' आणि 'वॉल ऑफ ब्लॉसम्स' दोन-दोन मॅनाच्या, आल्या की स्वतःच एक पत्ता देतात. आर्केड्स मैदानात असेल तर दोन. 'शील्ड स्फिअर'ला तर मॅनाच लागत नाही: फुकटात ०/६ चा जीव, वर एक पत्ता, आणि पुढच्या टर्नला सहा मार.

आणि आता माझा सगळ्यात लाडका शोध. मैदान साफ करायचं तर लोक 'रॅथ ऑफ गॉड' घेतात, सगळे जीव ठार. पण त्यात आपल्याही भिंती पडतात. 'स्लॉटर द स्ट्राँग' बघा: प्रत्येक खेळाडूने एकूण ताकद चार किंवा कमी होईल एवढेच जीव ठेवायचे, बाकीचे बळी द्यायचे. आमच्या बहुतेक भिंतींची ताकद शून्य, आर्केड्सची तीन. बेरीज तीन. आमचं काहीच जात नाही, समोरच्यांचे राक्षस मात्र आडवे. तीन मॅनात. 'फेल द मायटी'ही तसाच: एक जीव निवडायचा, त्याच्यापेक्षा जास्त ताकदीचे सगळे नष्ट. इथे निवडताना भिंत निवडू नका, नाहीतर तीन ताकदीचा आर्केड्सही जाईल. आर्केड्सलाच निवडा.

तटाआड दबून राहिलेली माणसं तगली आणि मैदानात माजलेले गेले, हे डावपेच म्हणून उत्तम आहेच, पण कथा म्हणूनही किती नेमकं बसतं. विषयाशी इमान राखल्यामुळे जास्त चांगला पत्ता सापडला, असं तुमच्याही डेकमध्ये घडेल. शोधत राहा.

एक इशारा. भिंती हल्ल्याला गेल्या की टॅप होतात, आणि टॅप झालेली भिंत अडवू शकत नाही. गड सोडून सगळी शिबंदी मोहिमेवर गेली तर मागे काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यासाठी 'ब्रेव्ह द सँड्स' ठेवा: तुमचे जीव हल्ला करूनही टॅप होत नाहीत, आणि प्रत्येक जण एक शत्रू जास्तीचा अडवतो.

पाचवी पायरी: हट्टाचे पत्ते, चारच

त्या उरलेल्या चार जागा हट्टाच्या. यात डावपेचाचा एकही प्रश्न विचारायचा नाही. आवडतो म्हणून ठेवला, बस. पण पाचवा आत यायचा असेल तर चारांतला एक बाहेर गेला पाहिजे. हा कोटा मी स्वतःला लावून घेतला तेव्हापासून डेक बिघडलेला नाही.

माझ्या चारांत 'ट्री ऑफ रिडेम्प्शन' आहे. ०/१३ चं झाड, डिफेंडर. त्याला टॅप केलं की तुमचं आयुष्य आणि त्याचा चिवटपणा यांची अदलाबदल होते. आयुष्य चार उरलेलं असताना ते तेराला नेता येतं. एकदा आयुष्य ३० असताना मी ते उलट केलं. झाड ०/३० झालं, मी १३ वर. पुढच्या टर्नला तीस मार देणारं झाड चालत निघालं आणि कुणीतरी 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स'ने एका मॅनात ते उचललं. त्या जादूत झाडाच्या ताकदीइतकं आयुष्य परत मिळतं. ताकद शून्य होती. टेबलावरचे तिघेही पोट धरून हसले, आणि मीही.

सहावी पायरी: जिथे खर्च नाही तिथे मिरवा

डाव एका मॅनानेही मंद न होता देखणेपण वाढवायच्या जागा पुष्कळ आहेत. पहिली म्हणजे लँड. साध्या लँड ३७ पैकी निम्म्याहून जास्त असतील, आणि त्यांची चित्रं शेकड्यांनी आहेत. जॉन एव्हन यांनी २००४ च्या 'अनहिंज्ड' संचासाठी रंगवलेल्या पूर्णचित्र लँड अजूनही लोक जपून ठेवतात. तुम्ही तितक्या महागात पडू नका. एकाच चित्रकाराच्या किंवा एकाच ऋतूच्या लँड जमवल्या तरी टेबलावर पसरल्यावर मैदान एकसंध दिसतं. हिरव्या लँड जरा जास्त ठेवा, कारण मॅना वाढवणारे पत्ते हिरवे आहेत.

किल्ल्यांची हौस लँडमध्येही भागते. २०१९ च्या 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन' मधले तीन किल्ले, 'कासल आर्डनव्हेल', 'कासल व्हँट्रेस', 'कासल गॅरेनब्रिग', अनुक्रमे पांढऱ्या, निळ्या, हिरव्या रंगाचे. योग्य प्रकारची साधी लँड समोर असेल तर टॅप न होता येतात, आणि उशिरा मॅना उरला की वरचं कामही करतात. हौस आणि नफा दोन्ही पदरात.

मग स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची खोळ. मॅजिकचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा. जपानी मापाच्या, म्हणजे यु-गी-ओच्या छोट्या पत्त्यांच्या स्लीव्ह चुकून घेऊ नका, पत्ता आत जाणार नाही. रंग कुठलाही घ्या, पण शंभरही एकाच पाकिटातल्या असू द्या. वेगळ्या छटेची एक स्लीव्ह म्हणजे मागून ओळखू येणारा पत्ता, आणि ते चालत नाही.

फॉइलबद्दल मात्र मुंबई-कोकणातल्या मंडळींनी ऐकावं. फॉइल पत्त्यात चकचकीत थर एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला. कागद ओलावा पितो, चकचकीत थर पीत नाही, म्हणून पत्ता पापडासारखा वळतो. जुलैत तर विचारूच नका. डेकमध्ये चारच फॉइल असतील आणि तेच वळले असतील, तर ढिगात बघूनही कळतं पुढे काय येणार. एकतर सगळा डेक साधा ठेवा, नाहीतर आत घट्ट बसणारी स्लीव्ह आणि वर दुसरी अशी दुहेरी घाला आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. मी भिंती साध्या ठेवतो आणि कमांडर एकटा फॉइलचा. तो तसाही बाजूला उघडाच बसतो, त्यामुळे ओळखू आला तरी बिघडत नाही.

वेगळ्या चित्रांचे, वेगळ्या चौकटींचे पत्ते घेताना एक पथ्य पाळा: पलीकडच्याला पत्ता ओळखता आला पाहिजे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा बघा. १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दहा अवतारांचे दहा रंग. कलाकुसर कितीही असली तरी पान टाकताच सगळ्यांना कळतं कुठल्या अवताराचं कितवं पान. तुमचा पत्ता देखणा असूनही दर टर्नला "हा काय करतो?" विचारावं लागत असेल तर खेळ रेंगाळतो.

खिशाचं म्हणाल तर दुकानातलं सीलबंद पाकीट फोडून डेक बांधायला जाऊ नका. हवा तो पत्ता सुटा घ्या. बाहेरून मागवलात तर पत्त्यापेक्षा टपाल आणि कस्टम जड होतं, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवावं. आणि विकत घेण्याआधी प्रॉक्सी करून बघा: कागदावर छापा, साध्या लँडच्या पुढे ठेवून स्लीव्हमध्ये सरकवा. घरच्या टेबलावर विचारून खेळलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

सातवी पायरी: एकट्याने दहा हात, मग चौघांत दहा शब्द

डेक तयार झाला की समोर कुणी नाही असं समजून दहा वेळा सात पत्ते वाटा आणि पाच टर्न खेळा. वहीत तीनच गोष्टी लिहा: आर्केड्स कितव्या टर्नला आला, पाचव्या टर्नला किती मॅना होता, आणि हातात कोणता पत्ता न खेळता अडकून राहिला. सात पत्त्यांत लँड दोनपेक्षा कमी किंवा पाचपेक्षा जास्त आल्या तर हात बदला. चौघांच्या डावात पहिली बदली फुकट असते. दहापैकी चार वेळा एकच पत्ता अडकत असेल, तर तो कितीही देखणा असो, त्याची जागा फोल्डरमध्ये.

मग टेबल. कमांडरमध्ये डावाआधी बोलून घ्यायची रीत आहे, नवख्यांनी ती टाळू नये. विझर्ड्सने २०२५ च्या फेब्रुवारीत पाच पातळ्यांची पद्धत प्रायोगिक म्हणून आणली. पहिली 'एक्झिबिशन', जिथे विषय आणि चित्रं मिरवणं हाच हेतू. पाचवी म्हणजे स्पर्धेतली कत्तल. डाव एकतर्फी करू शकणाऱ्या पत्त्यांची 'गेम चेंजर' नावाची यादीही आहे, त्यात 'ऱ्हिस्टिक स्टडी' सारखे पत्ते येतात. पहिल्या दोन पातळ्यांत ते चालत नाहीत, तिसरीत तीनपर्यंत चालतात. माझा पहिला 'अल्बम' पहिल्या पातळीचा होता आणि मी तो तिसरीच्या टेबलावर घेऊन बसलो होतो. निम्मा पराभव तिथेच झाला होता. आळंदीत गेम चेंजर एकही नाही. बसतानाच सांगतो, "भिंतींचा डेक आहे, सहाव्या-सातव्या टर्नपासून चालायला लागतो, चार पत्ते निव्वळ हट्टाचे आहेत." समोरचे त्याप्रमाणे आपला डेक काढतात.

गेल्या महिन्यात 'वॉल ऑफ स्वोर्ड्स' काढली. १९९३ मध्ये जन्मलेली भिंत, हवेत तरंगणाऱ्या तलवारींचं चित्र, उडते, ३/५. पण ताकद तीन. 'स्लॉटर द स्ट्राँग' खेळलो तेव्हा ती आणि आर्केड्स मिळून सहा होत होते, आणि दोघांतला एक बळी द्यावा लागला. तिच्या जागी 'वॉल ऑफ डिनायल' आली: ताकद शून्य, चिवटपणा आठ, उडते, आणि तिला कुणी लक्ष्यही करू शकत नाही. तलवारींची भिंत आता हट्टाच्या चारांत बसवायची का, यावर माझं मन दोन आठवडे मागेपुढे होतंय. बसवायची तर झाड बाहेर जाईल.